सुतकातले पेढे

गावी जायचं ठरल्यावर मी सर्वांत आधी काय केलं असेल, तर कुर्ता शिवून घेतला. बावन्न वर्षांत गावी गेलो होतो एकदा, तेही सहा वर्षांचा असताना, त्यामुळे तिथे काय घालून जातात हे मला ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, तिथेही माणसं टी-शर्टच घालतात. मी ऐकलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, माझ्यावर तो प्रयोग आजवर कोणाचा यशस्वी झालेला नाही.

जायचं कारण मात्र कुर्त्याइतकं हलकं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या आजारपणात ते दोनतीनदा म्हणाले होते, "गावच्या देवाला माझ्या नावानं एक नारळ दे, आणि मी गेलो की भावकीला कळव." मी दोन्ही केलं नाही. नारळ रजेअभावी राहिला. कळवायचं आधी आळसाने राहिलं, आणि पुढे त्या आळसाची लाज वाटायला लागली म्हणून राहिलं. पहिल्या आठवड्यात फोन केला असता तर ती बातमी झाली असती, तीन महिन्यांनी केला असता तर गुन्ह्याची कबुली. तीन वर्षांनी स्वतःच गेलेलं बरं, समोर बसून शिव्या खाऊ, असं मी मनाला पटवलं. खरी भीती वेगळीच होती. शिव्या न देता त्यांनी नुसतं "आपण कोण?" असं विचारलं असतं, तर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

महाडला थांबून किलोभर पेढे घेतले. पोलादपूर सोडून कापड्याकडे वळलो आणि तिथून वर आमच्या वाडीच्या रस्त्याला लागलो. वाटेत भाषण पाठ करत होतो. त्यात 'मुळं' हा शब्द चारदा आणि 'ऋणानुबंध' दोनदा येत होता. 'हाय' आणि 'नाय'सुद्धा घोळवून पाहिलं. गाडीच्या आरशात तसं बोलणारा माणूस मलाच आवडला नाही, म्हणून नाद सोडला.

बाबांच्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकांचं घर वाडीच्या तोंडाशीच आहे. अंगणात कापलेल्या भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या, पण झोडणी अर्ध्यावर थांबलेली दिसत होती. ओटीवर काका चटईवर बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, गालावर पांढरे खुंट. शेजारी त्यांचा मुलगा, साधारण माझ्याच वयाचा, त्याचीही दाढी वाढलेली. मी माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, आणि कोणी काही बोलायच्या आत काकांच्या पाया पडायला वाकलो.

काकांनी पाय मागे घेतले. मी गुडघ्यांवर आणखी पुढे सरकलो. त्यांनी पाय पार पोटाशी ओढून घेतले. नवाकोरा कुर्ता घालून मी ओटीवर रांगत होतो आणि एक म्हातारा माझ्यापासून पाय लपवत होता. त्यांना राग आलाय हे कळायला मला एवढं पुरेसं होतं.

माणूस घाबरला की गप्प बसतो म्हणतात. मी खोका उघडला. "घ्या ना काका, पेढे आणलेत. महाडचे." आतल्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. चुलतभाऊ जमिनीकडे बघायला लागला. "ठेव तिथं," काका म्हणाले. ठेवून गप्प बसलो असतो तर पुढचं टळलं असतं. मी एक पेढा काढून त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही, नुसता धरून बसले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाषण कधीच विसरलो होतो. "काका, चुकलं माझं," मी म्हणालो, "बाबा गेले. तीन वर्षं झाली. मी कळवलं नाही."

"कळलं व्हतं," काका म्हणाले. "बस खाली. सुतक हाय."

मी इतका गोंधळलो होतो की क्षणभर मला वाटलं, बाबांचंच. तीन वर्षं? मग चुलतभावाने समजावून सांगितलं. "माजी थोरली चुलती गेली मंगळवारी. आज चवथा दिस."

सुतकात कोणाच्या पाया पडत नाहीत, कोणाला पडूही देत नाहीत. गोड खात नाहीत, दाढी करत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. कोणी प्रश्न विचारला असता तर घडाघडा सांगितलं असतं. पण ते ओटीवर साक्षात समोर बसलेलं असताना मी त्याच्या हातात पेढा दिला.

वहिनींनी पदराआड काय केलं होतं तेही आता कळलं. त्या हसू दाबत होत्या. काकांनी हातातला पेढा खोक्यात परत ठेवला आणि त्यांना म्हणाले, "हे गुरवाच्या घरी दे गो. त्यांना नाय सुतक."

मी उठलो. म्हटलं, अशा वेळी तुम्हाला त्रास नको, मी देवळात तेवढा बाबांच्या नावाचा नारळ देतो आणि निघतो.

"देवळात?" चुलतभाऊ म्हणाला. "तुला कसं जाता येईल? तुलाबी हाय सुतक."

"मला?"

"मग? चुलती तुजीबी व्हती ना."

काका म्हणाले, "तुला कळवाय फोन लावला व्हता. कोन बाई हिंदीत बोलली." नंबर मी दोन वर्षांपूर्वी बदलला होता, आणि तोही त्यांना कळवला नव्हता.

समोरच्या टेकाडावर देऊळ दिसत होतं. तिथे जायला मला बंदी झाली होती आणि मला आनंद झाला होता. सुतक लागलं म्हणून खूश झालेला त्या घरात मी एकटाच होतो, त्यामुळे तोंड पाडून बसायचा प्रयत्न केला. जेवायला बिनफोडणीची आमटी आणि भात होता. मी दोनदा भात घेतला. नारळ तेराव्यानंतर द्यायचा ठरला आणि निघताना काका म्हणाले, "दहाव्याला ये."

ठाण्याला परत आलो तर त्याच आठवड्यात सोसायटीच्या सत्यनारायणाला आम्ही जोडीने बसणार होतो. सेक्रेटरींना सांगितलं, जमणार नाही, सुतक आहे. त्यांनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, चुलती. जवळची? मी हो म्हणालो. चुलतीचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. बायको म्हणाली, माणसं गावाहून तांदूळ आणतात, आमच्याकडे सुतक आलं.

दहाव्याला पहाटे निघून वेळेवर पोहोचलो, या वेळी टी-शर्टात. नदीवर भावकीतले पुरुष दगडांवर ओळीने बसले होते. मोठं माणूस गेलं की धाकट्यांनी डोकं आणि मिशी उतरवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. कोणी मला विचारलं नाही की करणार का. चुलतभावाने सरकून शेजारी जागा दिली. न्हाव्याने पलीकडून सुरुवात केली होती.

डोक्यावर पाणी मारत चुलतभाऊ सहज म्हणाला, "तुज्या बाबांच्या येळंला केलं व्हतंस ना?"

त्या आठवड्यात दिल्लीहून मोठे साहेब येणार होते. तशा डोक्याने त्यांच्यासमोर कसं जायचं म्हणून मी केलं नव्हतं, आणि आपण असल्या गोष्टी मानत नाही असं सगळ्यांना सांगितलं होतं. तेच इथेही सांगता आलं असतं. मी "नाही" एवढंच म्हणालो.

तो डोकं चोळत राहिला. मग म्हणाला, "आमी केलं व्हतं. उशिरा कळलं ना, म्हून तीन दिसांचं सुतक धरलं, आनि तिसऱ्या दिशी हितंच बसलो. अकरा जण व्हतो."

न्हावी माझ्यापर्यंत आला. डाय केलेल्या केसांच्या बटा मांडीवर पडायला लागल्या आणि मला रडू फुटलं. बाबांसाठी तीन वर्षांत असा रडलो नव्हतो. हुंदके येत होते, न्हाव्याला वस्तरा बाजूला धरून थांबावं लागलं.

पलीकडच्या दगडावरचा एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "ममईला ऱ्हातो, पन चुलतीसाठी कसा रडतो बगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणासाठी रडत होतो ते त्यांना कळलं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"रडू दे त्याला," ते न्हाव्याला म्हणाले. "तवर माजं कर."