काणीचं कूळ

निजामाच्या राज्यातली गोष्ट. झरीच्या बाजारात शेतीखात्याचा एक माणूस काणी पडलेलं ज्वारीचं कणीस घेऊन बसला होता. दाण्याच्या जागी राखी रंगाची फुगीर पिशवी. ती त्यानं नखानं फोडली, आतली काळी भुकटी तळहातावर घेतली आणि माझ्या हाती भिंग दिलं. मी मोठ्या ऐटीत वाकलो आणि शिंकलो. सगळी भुकटी त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर!

"हौ साब, जिंदा चीज है, उडतीच," म्हणत त्यानं तोंड पुसलं. मग समजावलं, ही बुरशी. लोणच्यावर येते ती, उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री, सगळे हिचे भाऊबंद. पुस्तकवाले हिला वनस्पतींत धरतात, पण हिला ना पान, ना मूळ, ना हिरवा रंग. दुसऱ्याच्या जिवावर जगते. ही भुकटीच हिचं बी. मळणीत ते चांगल्या दाण्याला चिकटतं आणि पेरलं की त्याच्याबरोबर वाढतं. म्हणून पेरण्याआधी बियाला गंधक चोळायचं.

घरी आलो तर आमच्या ज्वारीवर पडलेल्या काणीचा निकाल लागलेला. माय म्हणाली, "सून बाहेरची असताना बियाला शिवली, म्हणून काणी पडली. आता बियाला तिचा हात नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बियाची कणसं निवडावीत तर माझ्या बायकोनंच. शेजारणी तिला मुद्दाम आपल्या खळ्यावर बोलावून न्यायच्या. तिचं हे काम काढून घ्यायचं, तेही कुणी काही न बघता, न विचारता! काणीची जात ठरवायला सरकारनं भिंग दिलं, सुनेचा गुन्हा ठरवायला नुसती जीभ पुरली.

मी ओसरीवर उभा राहून बुरशीचं सगळं कूळ ऐकवलं. शेवटी म्हणालो, "आन् लोणच्याला बुरशी आली तवा कोण शिवलं होतं? बरणी तर तूच भरली होतीस!"

"मंग मी बाहेरची होते म्हन की! या वयात?" मायनं असा सूर लावला, की मला गोठ्यात जाऊन बसावं लागलं.

पण गंधक मी चोळलंच, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत. पुढच्या साली कणसं स्वच्छ निघाली. माय गावभर सांगत सुटली, "माझ्या लेकाचं गंधक लय गुणाचं." मीही पटका नीट करून चारदा पारावर जाऊन आलो.

बायकोनं भाकर वाढली आणि म्हणाली, "गंधकाचं कौतुक झालं, तुमचंबी झालं. माझ्यावरला आळ कोण उतरवायलाय? कणसं निवडायला अजून सासूबाईच बसायल्यात."