मेघनाची तीनचाकी गाडी

लासुर्ण्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला पाच-सहा घरांची वस्ती होती. त्यातल्या शेवटच्या घरात शालन राहायची. नवरा भानुदास वालचंदनगरला कारखान्यात कामाला. पाळी असेल तसा सायकलवर जायचा, यायचा, आणि बोलायचा बेताचंच. मेघना ही त्यांची एकुलती एक मुलगी.

मेघना जन्मली तेव्हा रडलीच नाही. सुईणीनं उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा कुठं जरा कण्हली. वर्ष उलटलं तरी मान धरेना, दुसरं सरलं तरी बसेना. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, हाताच्या मुठी सुटायच्या नाहीत. डोकं मात्र लख्ख. शेजारची पोरं ओसरीवर पाढे म्हणायला बसली की ही आतून, अंथरुणातूनच, त्यांची चूक ओरडून सांगायची. शालननं मग हट्टानं तिचं नाव शाळेत घातलं आणि रोज कडेवर घेऊन ती तिला पोचवायला लागली. पोरगी वाढत गेली तशी शालनची कंबर बसत गेली. उसाच्या खुरपणीला गेली की बाकीच्या बायका पाणी प्यायला उठायच्या आणि ही बांधावर आडवी व्हायची.

"अक्का, अशी किती दिस कडंवर नेणार हाईस? हिला गाडी बघू आपण."

हे म्हणाला बुद्धघोष, शालनचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. शालनचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली होती, की भाऊ माझ्यासंगं येईल. भानुदासनं मान हलवली आणि वरातीच्या टेंपोत नवरीच्या मांडीवर भाऊ बसून आला. याच घरात तो वाढला, इथूनच इंदापूरच्या कॉलेजात गेला. आता तिथं मित्रांबरोबर त्यानं एक मंडळ काढलं होतं. रक्तदान, वह्यावाटप, व्याख्यानं असं काही ना काही चालायचं. तो माईकवर उभा राहिला की शालन मागं बायकांत बसून पदराच्या टोकानं डोळे पुसायची.

दोघं बहीण-भाऊ मेघनाला घेऊन एसटीनं बारामतीला गेले. मोठ्या दुकानात काचेपलीकडं बाबागाडी होती. छत्री, फुलाफुलांची गादी, आणि खाली पुरीएवढाली चार चाकं. दुकानासमोर रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. शालननं विचारलं, "जरा ह्या खडीवरनं ढकलून बघू का?"

"बाई, ही फरशीवर फिरवायची वस्तू आहे," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडं फरशी न्हाय," असं म्हणून शालन पायऱ्या उतरली.

बुद्धघोषच्या ओळखीचा एक दत्तोबा होता. बारामतीच्या एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये तो ट्रॉलीचे दरवाजे, खिडक्यांचे ग्रील असलं वेल्डिंगचं काम करायचा. त्यानं मेघनाला एका खोक्यावर बसवून टेपनं मापं घेतली आणि खडूनं जमिनीवर चार चाकांची खुर्ची काढली.

शालन बघत राहिली, मग म्हणाली, "तीनच ठेवा, दत्तोबा."

"तीन? चारावर भक्कम ऱ्हाती की."

"चुलीला दगूड तीनच का आसत्यात? चार ठिवलं की एक कुठंतरी अधांतरी, आन् भांडं डुगडुगतं. आमची वाट बैलगाडीची. फुडं एक चाक आसलं तर खड्डा चुकवून नेता येतं. दोन कशी चुकवायची?"

दत्तोबानं पायानं खडूची एक रेघ पुसली. मागं लहान सायकलची दोन चाकं, पुढं तसंच एक. तेही इकडं-तिकडं न वळणारं, सरळ बसवलेलं. वळवायचं झालं की दांडी खाली दाबायची, पुढचं चाक उचलायचं आणि फिरवायचं. गाडी उभी राहिली तेव्हा शालननं मेघनाला बसूच दिलं नाही. ज्वारीचं पोतं ठेवायला लावलं. बुद्धघोष गाडी घेऊन शेडभोवती धावला आणि कोपऱ्यावर पोत्यासकट आडवा झाला. सगळे हसले. शालन हसली नाही. "पोत्याच्या जागी पोरगी आसती म्हंजी?" मग दत्तोबानं मागचा आस कापला, दोन्ही बाजूंना पाइपचे तुकडे जोडून तो रुंद केला. जोडावर वेल्डिंगची जाड कडी उमटली. दत्तोबा ती घासून काढणार होता, पण शालन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मजबूत दिसतीया."

हिरव्या रंगाची ती गाडी घरी आली आणि मेघनाचं जग कॅनॉलच्या पुलापलीकडं गेलं. शाळा तर झालीच, शिवाय लासुर्ण्याचा बाजार, मैत्रिणीच्या भावाचं लग्न, विहारातली पौर्णिमा. उतारावर आली की मेघना ओरडायची, "आई, सोड की!" आणि शालन दांडी न सोडता नुसती पळायची.

गाडी म्हणजे जित्राबासारखी, तिचं रोजचं करावंच लागतं, हे शालनला लवकरच कळलं. बाभळीचा काटा चाकात मोडला की हवा हळूहळू जायची, म्हणून रोज सकाळी टायरवर अंगठा दाबून बघायचा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी ठासायची की चाक हलायचं नाही. शालननं मडगार्डच काढून टाकले. रेक्झिनची बैठक उन्हानं तडकली तेव्हा जुन्या लुगड्याची गोधडी शिवून घातली. पुढच्या चाकात तेल, पट्ट्याची बकलं, नटांचे आटे, सगळं तिच्या बोटांना पाठ झालं. भानुदास कारखान्यातून आल्यावर म्हणायचा, "माझी सायकल पण बघ की जरा." तेवढीच त्याची चेष्टा.

अशी तीन-चार वर्षं निघाली. मेघना लांब झाली, तिचे पाय ते टेकवायच्या फळीच्या, पावठाणाच्या, खाली लोंबायला लागले. पुढच्या चाकाचा बूश, आसावर बसणारी आतली नळी, तीही झिजली होती; गाडी डावीकडं ओढायची. बुद्धघोष तेव्हा इंदापुरात खोली घेऊन राहत होता. एका रविवारी तो टेंपो घेऊनच आला.

"दत्तोबाकडं नेतो. पावठाण लांबवू, बूश बदलू, रंग पण मारू. आठ दिसांत आणून देतो."

शालननं गाडी धुऊन, पुसून टेंपोत चढवली. मेघना ओसरीवरून म्हणाली, "मामा, बिगी बिगी आण हं."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. भानुदासनं वालचंदनगरच्या नाक्यावरून बुद्धघोषला फोन केला तर उत्तर आलं, दत्तोबाकडं काम लई हाय. नंतर आलं, बूश पुण्यासनं येतोय. त्याच्यानंतर, रंग वाळतोय. शालन पुन्हा मेघनाला पाठीवर घ्यायला लागली, पण आता तिला एका दमात दोन शेतंही ओलांडता यायची नाहीत. मेघनाची शाळा बंद पडली. भानुदास एकदा म्हणाला, "मी बारामतीला जाऊन बघून येऊ का?" शालन त्याच्यावरच उखडली. "माझा भाऊ हाय त्यो. त्याच्यावर पाळत ठिवायची का आता?"

उन्हाळ्यात एक जीप लाउडस्पीकर लावून वस्तीवरून गेली. इंदापुरात अपंगांचं शिबिर, पुण्याचे हाडांचे डॉक्टर तपासणार, गाड्यांचं वाटप होणार, आणि खाली नाव बुद्धघोषच्या मंडळाचं. शालनला नवल वाटलं, भावानं आपल्याला कसं सांगितलं नाही? तिनं फोन लावला तर तो म्हणाला, "अक्का, उनाचं पोरीला घिऊन कशाला येतीस? गर्दी आसती. डॉक्टरला मी घरीच आणतो की."

तरी ती गेली. डॉक्टर घरी येतात थोडेच, असं तिला वाटलं. शिवाय भावाचा कार्यक्रम होता. तिनं मेघनाला ठेवणीतला फ्रॉक घातला.

मांडव भरला होता. मांडवाच्या पुढच्या बाजूला गाड्यांची रांग लावलेली, हाताच्या पायडलच्या सायकली, चाकांच्या खुर्च्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. शालन मागच्या बाजूला खांबाला टेकून बसली, मेघना तिच्या मांडीत.

"आई," मेघना म्हणाली, "माझी गाडी."

"कुठं गं?"

"ती बघ, कडंची."

कडेची गाडी निळी होती, चकचकीत निळी. शालन म्हणाली, "तशीच दिसतीया नुसती." पण म्हणता म्हणता तिची नजर मागच्या आसावर गेली. निळ्या रंगाखाली दोन्ही बाजूंना वेल्डिंगची ती जाड कडी होती. पावठाण लांबवलेलं होतं. मडगार्ड नव्हते.

माईकवर बुद्धघोष नावं पुकारत होता. एक नाव घेतलं तशी एक धनगराची बाई लेकराला उचलून पुढं आली. पाहुण्यांनी पोराला निळ्या गाडीत बसवलं, हार घातला, फोटो निघाला. पोरगं घाबरून आधी आईला चिकटलं आणि गाडी जरा हलली तसं खुदकन हसलं. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबता थांबता बुद्धघोषची नजर खांबाकडं गेली. त्यानं माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि तो खाली उतरला. शालननं मेघनाला शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं. मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी दोघं समोरासमोर आले.

"अक्का, हितं बोलू नगंस. एक गाडी कमी पडली गं. नावं छापून झाली व्हती, पाव्हणं येणार ठरल्यालं. आता त्या बाईला मोकळ्या हातानं लावून दिऊ का?"

"म्हून मेघनाची दिलीस?"

"तुझी तर घरचीच हाय. तू समजून घेशील आसं वाटलं. तुला नवी आणून देतो की, ह्याच्यापरीस चांगली."

शालननं हळू विचारलं, "रंग निळा कवा सांगितलास?"

बुद्धघोषनं टाकीच्या नळाकडं बघितलं.

"मी इचारतीय. नेली तवाच सांगितलास का मागनं?"

"...नेली तवाच."

म्हणजे पोरगी ओसरीवरून बिगी बिगी आण म्हणत होती तेव्हाही त्याला ठाऊक होतं. बूश, पुणं, वाळणारा रंग, एकेक थाप त्यानं बहिणीला तिच्याच मायेच्या भरवशावर मारली होती. ज्याच्यासाठी ती नवऱ्यावर ओरडली होती, तो समोर उभा होता आणि त्याच्या छातीला बिल्ला होता. शालनचा हात उठला. पण तिनं तो तसाच खाली घेतला आणि ती मांडवाकडं चालू लागली.

गाडी परत घ्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. लोकांसमोर घ्यायची, आरडाओरडा करून घ्यायची. ती गाडीपाशी गेली, दांडीला हात घातला. ती धनगरीण, बनाबाई तिचं नाव, शालनकडं बघून हसली. "बगा की वो ताई, आमचं भीमा. चार बोकडांच्या वजनाचं झालंय, पाठीवर घिऊन रानोमाळ फिरतीय मी. आज पयल्यांदा माझी पाठ मोकळी हाय." तिच्या खांद्यावर लुगडं विरून घट्टा पडलेला दिसत होता. तसाच घट्टा शालनच्या कमरेवर होता.

दांडीवरचा शालनचा हात तसाच राहिला. मग ती खाली बसली, पुढच्या चाकाला बोट लावलं आणि म्हणाली, "हितं तेल घालत जा. रोज सकाळी टायर दाबून बघायचं, तुमच्या माळाला बाभळी लई. वळताना दांडी खाली दाबायची, मंग फिरवायची. उतारावर दांडी सोडायची न्हाई, पोरगं कितीबी म्हणू दे."

"तुमाला कसं वो ठावं?"

"आमच्याकडं आशीच व्हती," शालन म्हणाली.

मेघनाला घेऊन शेजारची ती बाई तोपर्यंत मागंच येऊन उभी राहिली होती. मेघनानं सगळं ऐकलं. एसटीत ती आईच्या मांडीवर होती पण अंग आखडून, तोंड खिडकीकडं. लासुर्णं जवळ आल्यावर एकदाच बोलली.

"ती माझी व्हती. तू त्यांना सांगितलं पण न्हाईस."

शालनकडं उत्तर होतं, पण ते दहा-अकरा वर्षांच्या पोरीला पटण्यासारखं नव्हतं. भावानं फसवलं हे तिला सोसवत होतं. आपणही पोरीला फसवलं, हे सोसवेना.

भानुदासनं ऐकलं आणि सायकल काढली. "मी आणतो गाडी. आन् त्याची बी गचांडी धरतो." शालननं सायकलचं हँडल धरलं. "ते पोरगं उतरवून आणणार का? आणा, मी काय बोलत न्हाय." भानुदास उंबऱ्यावर बसून राहिला.

महिन्याभरात बुद्धघोषनं शब्द पाळला. टेंपोतून नवी खुर्ची आली, दवाखान्यातली असते तसली, पुढं दोन बोटभर चाकं. पुलाच्या अलीकडंच, पहिल्या चाकोरीत ती रुतली. शालननं त्याच टेंपोत ती परत चढवली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांना काय सांगू?" ती म्हणाली, "सांग, फरशीवरची हाय."

मग ती मेघनाला घेऊन बारामतीला दत्तोबाकडं गेली. दत्तोबानं कपाळाला हात लावला. "तुमच्या भावानं सांगितलं, अक्कानं नवी घेतलीया, ही दान करायची म्हंती. मी म्हणलं, केवढं मन! म्हून मजुरी बी घेतली न्हाय." शालनला तिथंच हसू आलं, आणि हसता हसता ते रडणं झालं. दत्तोबानं तिला पाणी दिलं, जुना खडू शोधला, आणि यावेळी मापं सांगायला मेघनालाच बसवलं. मेघनानं रंग लावू दिला नाही. "नुसतं लोखंडच ऱ्हाऊ दे," म्हणाली. पावसाळ्यात ते गंजलं, शालन दर आठवड्याला तेलाचा बोळा फिरवायची.

बुद्धघोष दिवाळीच्या सुट्टीत आला. शालननं त्याला जेवायला वाढलं, कारण उपाशी भाऊ घरातून पाठवणं तिला जमलं नसतं. पण त्याची चप्पल अंगणात वाजली तेव्हाच तिनं गाडी ढकलत आत, माजघरात नेऊन ठेवली होती. त्यानं ते पाहिलं. जेवताना तो दोनदा बोलायला गेला, दोन्ही वेळा शालननं ताटात भाकरी टाकली. एरवी मामा आला की पाढे म्हणून दाखवणाऱ्या मेघनानं त्याला एकही आकडा सांगितला नाही.

पंक्चर काढायला पूर्वी शालन चाक लासुर्ण्याला पाठवायची. आता ते मेघनाला सोसेना. चाक दाराबाहेर निघालं की तिचं अंग थरथरायला लागायचं. शेवटी शालननं दुकानात उभं राहून ते काम बघून घेतलं. मग घरीच घमेल्यात पाणी घेऊन, ट्यूब त्यात दाबून ती बुडबुडे शोधायची. मेघना शेजारी गोधडीवर पालथी पडून बघत असायची, तिची न उघडणारी मूठ चाकाच्या तारांत अडकवून. काम होऊन चाक बसेपर्यंत ती मूठ काढायची नाही, आणि शालनही तिला काढ म्हणायची नाही.