गाडीवाट सोडली त्या रविवारी

आम्ही पिंपरीत दोन खोल्यांच्या चाळीत राहत होतो. माझे यजमान एका कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होते. आठवडाभर कारखाना आणि बंगला, आणि रविवारी चाकणच्या पलीकडे माळावर शिकार. साहेबांना सशाचा आणि तित्तिराचा फार नाद. त्यांच्याकडे परवाना होता. जंगली जनावरांचा नवा कायदा नुकताच आला होता, म्हणून त्या वर्षी परवान्याबरोबर नियमांचा एक छापील कागदही मिळाला. साहेबांनी तो न वाचताच यांच्या हातात दिला. "गाडीत ठेव," म्हणाले.

यांची शाळा दुसरीतच सुटलेली. माझी चौथी झालेली. म्हणून हे तो कागद घरी घेऊन आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "वाच बरं, काय लिहिलंय त्यात."

मी बोट ठेवून वाचलं. गाडीतून गोळी झाडू नये. गाडीने जनावराचा पाठलाग करू नये. सरकारी रानात गाडीवाट सोडून वाहन नेऊ नये. वाहनात बंदूक भरलेली ठेवू नये. सूर्य मावळल्यावर शिकार करू नये.

"म्हणजे उतरून चालत जायचं," हे हसले. "आमच्या साहेबांना सांग की चालायला! पोट बघितलंस का त्यांचं?"

मलाही हसू आलं. मग मी शेवटची ओळ वाचली. नियम मोडल्यास वाहन जप्त होईल आणि वाहन चालवणाराही गुन्हेगार धरला जाईल. ती मी दोनदा वाचली.

"म्हणजे मी," हे म्हणाले. कप तसाच खाली ठेवला.

तेव्हापासून रविवार म्हणजे पेच झाला. साहेबांना नाही म्हटलं तर नोकरी जाणार, हो म्हटलं आणि पकडले गेले तर तुरुंग. यांनी आपली एक युक्ती काढली. गाडीवाट संपत आली की जीप थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि तोंड पाडून म्हणायचं, "साहेब, इंजिन तापलंय. पुढं नेली तर इथंच बसावं लागेल." साहेब शिव्या देत उतरायचे आणि पायी जायचे. असे कितीतरी रविवार निभावले. संध्याकाळी यांच्या सायकलीची घंटा ऐकू आली की मगच मी चहाचं आधण ठेवायची.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. पूजेसाठी जीप सकाळी आमच्या नळावर धुवायला आणली होती. मी हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा लांब हार केला, पण ऐन वेळी सुतळी संपली, म्हणून माझ्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून त्याच्यावर फुलं ओवली आणि तो जीपच्या तोंडाला बांधला. दुसऱ्या दिवशी शिकारीला निघताना हे म्हणाले, "हार काढून ठेवतो बंगल्यावर. रानात कशाला?"

मीच म्हटलं, "अहो, दसऱ्याचा हार आपल्या हातानं काढायचा नसतो. सुकून पडेल तेव्हा पडेल."

यांनी तो तसाच ठेवला. चूक ती तिथं झाली, आणि ती माझी.

त्या रविवारी साहेबांबरोबर पुण्याचा एक पाहुणा होता. घरी आल्यावर यांनी सगळं सांगितलं, पाय धुताना, माझ्याकडे न बघता. गाडीवाटेच्या टोकाला यांनी नेहमीसारखं बॉनेट उघडलं. पाहुणा उतरून आला आणि त्याने इंजिनावर हात ठेवला. "हे तर गार आहे! राव, तुमचा ड्रायव्हर तुम्हाला बनवतोय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "घाल गाडी. उद्या कामावर यायचं असेल तर घाल."

यांनी घातली. वनखात्याने नुकतीच लावलेली रोपं होती, त्यांच्यावरून घातली. ससा पुढं, जीप मागं. साहेबांनी गाडीतूनच दोन बार काढले. दुसऱ्या बाराला ससा पडला. पाहुण्याने तो पोत्यात घातला.

"हार कुठं तरी बाभळीत अडकून गेला," हे म्हणाले.

वेडी मी. मला वाटलं, हार तुटला, अपशकुन झाला. दोन दिवस देवापाशी माफी मागत होते.

बुधवारी दुपारी खाकी कपड्यातला एक माणूस दाराशी आला. रानाचा गार्ड. मी परक्या पुरुषांशी बोलत नसे. पोस्टमन आला तरी शेजारच्या बाईंना पुढं करायची. त्या दिवशी शेजारी कुलूप होतं.

"ड्रायव्हरचं घर ह्येच का?"

मी पदर घेतला आणि मान हलवली. त्याने पिशवीतून हार काढला. फुलं काळी पडली होती, काठ हिरवागार होता.

"ह्यो वळखता का बाई?"

माझ्या मागे दोन खोल्यांच्या मध्ये तेच लुगडं पडदा म्हणून लावलेलं होतं, एका बाजूला काठ नसलेलं. तो माझ्या खांद्यावरून तिकडेच बघत होता. मी चौकटीला धरून उभी राहिले.

"जीप कुनाची त्ये आमाला ठावं हाय," तो म्हणाला. "बंगल्यावर जाऊन आलो. सायेब म्हनत्यात, आमी रविवारी घरातच व्हतो. ड्रायव्हरनं परस्पर गाडी न्हेली, दोस्तासंगं."

काही माहीत नाही म्हणावं, तर सगळं यांच्यावर जातं. साहेबांचं नाव घ्यावं, तर नोकरी जाते. हे कामावर. विचारायला कुणी नाही.

"यांना बंदूक धरता येत नाही," मी म्हटलं.

"मग धरली कुनी?"

मी सांगितलं. त्याने थोडं ऐकलं आणि मला थांबवलं. "लिवता येतं का?"

"चौथी झालीय."

त्याने वहीचं पान फाडून दिलं, पेन्सिल दिली. मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. थंड इंजिन, पाहुण्याचा हात, घाल गाडी, दोन बार, पोतं. यजमानांनी रविवारी संध्याकाळी मला असे सांगितले, असं वर लिहिलं. खाली सही केली. अक्षर इतकं हललं होतं की मलाच लाज वाटली.

त्याने वाचलं. "रोपं किती मोडली त्ये न्हाई लिवलं."

"ते मला माहीत नाही."

"बरं. म्हाईत न्हाई त्ये लिवू बी नका." कागद घडी करून खिशात घातला, हार पिशवीत टाकला आणि तो गेला.

संध्याकाळपर्यंत मी चूल पेटवली नाही. हे आले तेव्हा दारातच सांगून टाकलं. हे मटकन खाली बसले.

"साहेबांच्या विरुद्ध लिहून दिलंस? कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला? चार बुकं शिकलीस म्हणून? उद्या मला गेटातून आत तरी घेतील का?"

मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात यांना वनखात्याच्या कचेरीत बोलावलं. साहेबही आले होते. माझा कागद वाचल्यावर पाहुण्याला साक्षीला बोलवायची गोष्ट निघाली, तेव्हा साहेब नरमले आणि त्यांनी गुन्हा आपल्या नावावर घेऊन, दंड भरून, जीपसकट प्रकरण मिटवलं. हुकमानं गाडी घातली म्हणून यांचं नाव त्यातून गळलं. पण साहेबांनी यांना जीपवरून काढलं. मालाच्या गोदामात टाकलं, पेट्या उचलायला. स्टिअरिंग धरणारा माणूस, खांद्याची सालं निघून घरी यायचा. माझ्याशी बोलणं बंद. ताट सरकवायचं, ताट उचलायचं. मला रोज वाटायचं, आज गोदामातूनही काढलं असेल.

बरेच दिवस गेले. एकदा जेवायला बसताना हे आपणहून म्हणाले, "तुझा कागद त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मी तिथंच उभा होतो. एक अक्षर खोटं नव्हतं."

"मग राग कसला धरलात?" मी कसंबसं विचारलं.

"माझ्या तोंडून साहेबांचं नाव निघालं नसतं," हे म्हणाले. "साहेब सुटले असते आणि मी आत गेलो असतो."

मग भाकरी मोडली. अजून एक वाढ म्हणाले. मी वाढली आणि पुढची भाकरी थापायला चुलीकडे वळले.