पुढचा देश

“नोंद झाली. पुढचा देश.”

एवढं म्हणून मॅडम हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर एकदा टेकवायच्या. समोरचं पोर घसा फोडून बोललेलं असो की अर्ध्या वाक्यात अडखळून खाली बसलेलं असो, आवाज तोच. शाबासकी नाही, टोमणाही नाही. मुलांना सुरुवातीला ते फार कोरडं वाटायचं. मलाही वाटायचं.

वसईतल्या आमच्या कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या आणि तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंध. मी अर्थशास्त्राचा. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. त्या नंदाखालच्या, केळी-नारळाच्या वाडीतल्या. मी मूळचा रत्नागिरीकडचा, विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन राहिलेला. तुमच्याही कामाच्या जागी शेजारच्या टेबलावर असं कुणीतरी असेल बघा. त्याचा डबा कसला, डोकं कधी दुखतं, फोनवर कोण ओरडतं, सगळं आपल्याला माहीत असतं. आणि आपण त्याचे कोण आहोत, हे मात्र वेळ आल्यावरच कळतं.

वर्षाच्या सुरुवातीला मॅडम देश वाटायच्या. प्रत्येकाला एक देश, पुठ्ठ्याच्या पाटीवर स्केचपेनने लिहिलेला. वर्षभर त्या विद्यार्थ्याने त्या देशाच्या तोंडून बोलायचं. हजेरीसुद्धा तशीच. “घाना?” “हजर.” “नॉर्वे?” “मॅडम, नॉर्वेला ताप आलाय.”

देश मागून मिळायचा नाही. टीव्हीवर कुठलंसं युद्ध सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. एक मुलगा वर्गात उभा राहून म्हणाला, “मॅडम, त्या लोकांना एकदाच उडवून टाकायला पाहिजे.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “तुझी पाटी इकडे दे. आजपासून तू तो देश.”

“मी? मॅडम, प्लीज!”

“रागवायला घरबसल्या जमतं रे. जरा त्यांच्या खुर्चीत बसून ये.”

महिनाभर तो त्या देशाचा नकाशा, पिकं, जुने तह वाचत बसला. मत बदललं की नाही मला ठाऊक नाही. पण ‘ते लोक’ म्हणायचं मात्र त्याने सोडलं. त्या शहरांची नावं घ्यायला लागला.

पाचूबंदरच्या एका मुलाला त्यांनी मंगोलिया दिला होता. बापाची बोट, आई मासळीच्या लिलावात उभी राहणारी. मुलगा हिरमुसला. “मॅडम, आमच्या दारात दर्या. आनि मला पानीच नसलेला देश?”

“म्हणूनच.”

पुढे वर्गातल्या सभेत विषय निघाला समुद्राचा. बंदरं असलेल्या देशांनी भराभर आपापले हक्क मांडले. मग मंगोलिया उठला. “आमच्या बंदरावर ज्याची होडी नाय, त्याला पन लिलावात उभं राहायला मिळतं. कोन त्याला हाकलत नाय. मग माझ्या देशाला समुद्रापर्यंतची वाट मागायला लाज कशाला वाटावी?” मी बाहेरून जाताना दाराशी थांबलो होतो. मॅडमनी किल्ल्या टेकवल्या. “नोंद झाली. पुढचा देश.” पण चष्मा काढून पुसला, ते मी पाहिलं.

लग्न त्यांनी केलं नाही. भावाच्या कुटुंबात राहायच्या. “नर्स, टीचर, नाहीतर मठात,” त्या म्हणायच्या, “आमच्या वेळेला मुलींना तीनच देश होते. मी चौथा मागितला तर बाबा आठवडाभर बोलले नाहीत.” त्यांनी विद्यापीठात जाऊन राजकारण शिकून घेतलं आणि परत वसईतच आल्या. परदेश मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. प्रवेशाच्या वेळी एका आईने विचारलं होतं, “मॅडम, हा विषय घेतला की व्हिसा लवकर मिळतो का?” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मला अजून नाही मिळाला.”

घरीही तोच खाक्या. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, पाण्यावरून त्यांच्या भावाचं शेजाऱ्याशी वाजलं. पंप कुणी किती वेळ चालवायचा यावरून बोलणंच बंद. मॅडमनी दोघांना ओट्यावर बसवलं. भावाने शेजाऱ्याची बाजू मांडायची, शेजाऱ्याने भावाची. भाऊ नंतर मला सांगत होता, “अहो सर, मी त्याच्या बाजूने इतका झकास बोललो की माझं मलाच पटलं. पंप त्याला देऊन बसलो!”

मलाही देश मिळाला होता. नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी स्टाफरूममध्ये पंख्यावरून भांडण पेटलं. इंग्रजीवाल्यांना तो पाचवर हवा होता, इतिहासवाल्यांना बंद. मला विचारलं. मी म्हणालो, “दोन्ही बाजूंना तथ्य आहे. दोनवर ठेवू या.”

मॅडम खळखळून हसल्या. “सापडला गं बाई, आमचा स्वित्झर्लंड!”

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाटी. तेव्हापासून मला नावच उरलं नाही. “काय रे स्वित्झर्लंड, चहा घेणार?” “स्वित्झर्लंड, तुझ्या डब्यातली आमटी इकडे सरकव.” मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर मला ती पदवी वाटायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही; घरीदारी मी तसाच वागत आलो होतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

मग ते वर्ष आलं. राज्यशास्त्राला मुलं कमी. प्राचार्यांनी ठरवलं की आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर बंद करायचा आणि त्या जागी बँकिंगचा नवा कोर्स आणायचा. शिक्षकांच्या सभेत निर्णय व्हायचा होता. मॅडमनी एक तोड काढली होती. अर्थशास्त्राच्या मुलांना तो पेपर ऐच्छिक म्हणून घेऊ द्यायचा. तेवढं झालं असतं तर वर्ग भरत होता. त्यासाठी आमच्या विभागाने फक्त ‘हरकत नाही’ म्हणायचं होतं, आणि विभाग म्हणजे मीच.

त्या मला जिन्यात भेटल्या. “तू बोलशील ना?”

“बोलेन की.”

“एकच वाक्य पुरे. भाषण नको देऊस.” आणि हसल्या. निश्चिंत हसल्या, हे मला टोचत राहिलंय.

मी त्यांना हे सांगितलं नव्हतं की आदल्याच दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. “नवा कोर्स आला की समन्वयक तुम्हीच,” असं ते म्हणाले होते. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. मान हलवली होती, दोन्ही अर्थ निघतील अशी.

सभेत मॅडम मुद्देसूद बोलल्या. मग प्राचार्यांनी विचारलं, “अर्थशास्त्र विभागाचं काय म्हणणं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही. त्या समोरच्या कागदावर पेनाने चौकोन काढत होत्या, ज्याला खात्री असते त्याच्या सावकाशीने.

मी म्हणालो, “दोन्ही बाजूंना तथ्य आहे.”

बस. विरोधात मी एक अक्षर बोललो नाही. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय. आज लिहितो: मला ती समन्वयकाची खुर्ची हवी होती, आणि मॅडमसमोर वाईटही दिसायचं नव्हतं. दोन्ही साधण्यासाठी मी ते वाक्य वापरलं. हात वर करून विरोध केला असता तर निदान त्या मला उत्तर देऊ शकल्या असत्या. मी तेवढीही जागा ठेवली नाही. पेपर बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी आलो तर पाटी नव्हती. मॅडम थर्मासमधून चहा ओतत होत्या.

“सर, तुम्ही चहा घेणार?”

सर. तुम्ही. मी कप घेतला. चहात साखर बरोबर माझ्या मापाची होती. त्यांनी रागाचा एक शब्द काढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी काढला नाही. निवृत्त होईपर्यंत डबा वाटून खाल्ला, माझ्या मुलीच्या लग्नाला आल्या, आणि मला कायम सर म्हणाल्या. मी बँकिंगचा समन्वयक झालो. वेळापत्रकं लावली.

त्या निवृत्त झाल्यावर ऐकू यायचं की नंदाखालला घरच्या ओट्यावर वर्ग भरतो. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साची प्रार्थना संपली की आसपासची पोरं जमतात. विद्यापीठाच्या परीक्षेची, स्पर्धा परीक्षेची, काही नुसतीच गप्पांची. मॅडम देश वाटतात. भाऊ केळी वाटतो. “एकदा येऊन जाईन,” असं मी पुष्कळदा म्हटलं. नंदाखाल काही फार लांब नाही. मी गेलो नाही.

यंदा मॅडम गेल्या. महिना झाल्यावरच्या मिस्साला गेलो. देवळातून सगळे घरी आले. ओट्यावर, अंगणात, केळींच्या सावलीत माणसं उभी होती, आणि मला एक गंमत दिसली. वेगवेगळ्या वर्षांची, एकमेकांना कधी न भेटलेली ती माणसं ओळख करून देताना आपलं नाव सांगतच नव्हती.

“मी घाना. तुम्ही?”

“नॉर्वे. मला आजारी नॉर्वे म्हणायच्या.”

“अरे, मग मी तुझ्यानंतरचा नॉर्वे!”

पाचूबंदरचा मंगोलिया आता वकील झालाय, डोक्यावरचे केस विरळ. भावाने मॅडमच्या किल्ल्यांचा जुडगा आणून त्याच्या हातात दिला. “तूच चालव आज.” मग एकेक जण उठून मॅडमबद्दल दोन शब्द बोलू लागला आणि मंगोलिया प्रत्येकानंतर किल्ल्या टेकवू लागला. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मी मागे, बावखलाच्या बाजूला उभा होतो. नेहमीसारखा कडेला.

एक मुलगी उठली. अजून कॉलेजात असावी. “मी स्वित्झर्लंड,” ती म्हणाली.

पाटी वाया गेली नव्हती तर.

“मला हा देश मिळाला तेव्हा मी खूश झाले,” ती सांगत होती. “म्हटलं, बरं झालं, आता वर्षभर काही बोलायला नको. मॅडम म्हणाल्या, चुकतेस. जो कुणाच्या बाजूचा नाही, त्याच्याच घरी भांडणारे दोघे येऊन बसतात. त्यांचे कैदी, त्यांचे निरोप, त्यांचे तह, सगळं त्यालाच बघावं लागतं. तुला सगळ्यांत जास्त बोलावं लागणार. मी विचारलं, मॅडम, आणि गप्प बसले तर? त्या म्हणाल्या, तर समजायचं, तू बाजू घेतलीस.” ती थोडी थांबली. “मग म्हणाल्या, माझ्या एका फार चांगल्या मित्राला हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. तेव्हा मी त्याला नुसती हसत होते.”

“नोंद झाली,” मंगोलिया म्हणाला. “पुढचा देश.”

कुणी उठलं नाही. खाली बसता बसता त्या मुलीची नजर माझ्यावर पडली. “सर, तुम्ही राहिलात. तुम्ही कोण?”

भावाने मान वळवून पाहिलं. तो मला ओळखत होता.

मी म्हणालो, “तुझ्या आधीचा.”

आणि मग जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. जिना, केबिन, मान कशी हलवली, खुर्ची, ते वाक्य, दुसऱ्या दिवशीचा चहा. आवाज चढवला नाही की पाडला नाही. माझं बोलून झालं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ‘जाऊ द्या हो सर’ म्हणालं नाही. केळीचं एक वाळकं पान तेवढं वाऱ्यावर खरखरत होतं. ज्या पोरांचा वर्ग मी बंद पडू दिला होता, त्यातली काही समोरच बसली होती.

मंगोलियाने माझ्याकडे पाहिलं. मग किल्ल्या ओट्यावर टेकवल्या.

“नोंद झाली,” तो म्हणाला.

पुढचा देश नव्हताच.