आमच्या गावची चाल

लग्न होऊन मी नगरकडच्या एका खेड्यातून परळच्या चाळीत आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने शहर तापलं होतं. नाक्यावर, नळावर, जिन्यात एकच विषय होता, मुंबई कोणाची. माझी नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

चाळीत बहुतेक कोकणातली, गिरणीत काम करणारी माणसं. शेजारच्या मावशी तर जिवाला जीव देणाऱ्या. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "तुमच्या देवळात सगळा विंग्रजीतच चलता काय गो?" मी म्हटलं, छे, सगळं मराठीत, टाळ-ढोलकीवर. टाळ-ढोलकीचं मी गावच्या भरवशावर ठोकून दिलं होतं. मुंबईचं चर्च मी अजून पाहिलंही नव्हतं.

रविवारी नवऱ्याबरोबर ट्रामने गिरगावात गेले. नवरा मुंबईतच वाढलेला, त्याला सगळे ओळखत होते. दारात बायका "सलाम" म्हणाल्या, मीही हात कपाळाला लावून सलाम केला आणि जरा हायसं वाटलं. आत बाकं होती, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. ते मला तोंडपाठ होतं. गावात वडील ढोलकी धरायचे, मी सूर उचलायची आणि बाकीच्यांनी तो ओढायचा, असा आमच्याकडचा शिरस्ता. ऑर्गन वाजू लागला तेव्हा मला वाटलं, ही नुसती सुरुवातीची वाजवावाजव असणार. ती संपायची मी वाट पाहिली, छातीभर श्वास घेतला आणि आमच्या गावच्या चालीत खड्या आवाजात सुरू केलं.

सगळी मंडळी दुसऱ्याच चालीत होती. शब्द तेच, पण त्यांची चाल संथ, साहेबी वळणाची. आमची ओवीसारखी, मधे हिसका देणारी. एक अख्खी ओळ दोन्ही चाली एकमेकींना ढकलत गेल्या. पोरं खिदळली. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पांढरं नऊवारी, जाड चष्मा. तरुणपणी त्या घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायच्या आणि सगळी मंडळी त्यांना वचकून असायची. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

ट्राममध्ये नवरा म्हणाला, "अगं, इथे सगळे ऑर्गनच्या मागून जातात." चेष्टाच होती, पण मला झोंबली. माझं नाक पहिल्यापासून वरच. ठरवून टाकलं, की इथे गाणार नाही. मग कित्येक रविवार मी नुसते ओठ हलवले. बायका चांगल्या होत्या. कोणी सुकट आणून दिलं, कोणी हॉस्पिटलातली ओळख काढून दिली, पाळकीणबाईंनी तर नाताळच्या करंज्यांना मला आवर्जून बोलावलं. पण ज्या घरात गाता येत नाही तिथे मी पाहुणीच, असं मला वाटायचं. घरी आले की दार लोटून घ्यायची आणि रडायची.

मग चळवळीतल्या लोकांवर गोळीबार झाला. लालबाग-परळात संचारबंदी लागली. ती उठली तरी रविवारी ट्राम बंदच होत्या. नवरा म्हणाला, आज राहू दे. पण दोन खणांच्या खोलीत बसून माझा जीव उबगून गेला होता, म्हणून आम्ही चालत निघालो. रस्त्यावर विटांचे तुकडे, दुकानांच्या फळ्या बंद. चर्चमध्ये जेमतेम दोन बाकं भरतील एवढी माणसं होती. ऑर्गन वाजवणारे मास्तर माहीमला राहायचे, ते पोचलेच नव्हते.

पाळकसाहेबांनी तेच पहिल्या रविवारचं गीत सांगितलं आणि म्हणाले, कोणीतरी सुरू करा. कोणाच्या तोंडून आवाज निघेना. गोळीबारात सापडलेली पोरं कोणाच्या घरची असतील, हे ज्याच्या त्याच्या मनात. ती शांतता मला सोसवेना. मी सुरू केलं. शहराची चाल कितीदा ऐकलेली, पण घशातून निघाली ती आमचीच. आता थांबावं की काय, असं वाटलं तोच पुढच्या बाकावरून दुसरा आवाज आला. जुना, चिरकलेला, पण हिसका नेमका जिथे द्यायचा तिथे देणारा. आजी गात होत्या. कडवं संपताना त्या बाकावर हाताने ठेकाही धरू लागल्या. दुसऱ्या कडव्याला सगळे आमच्या मागून आले. नवरासुद्धा आला, बेसूर, पण आला.

उपासना संपल्यावर आजींनी मला जवळ बसवून घेतलं. त्या आमच्याच नगरकडच्या, नेवाशाच्या निघाल्या, लग्न होऊन माझ्यासारख्याच आलेल्या. म्हणाल्या, पहिली काही वर्षं भांडी घासताना ही चाल म्हणायचे, मग मुलंबाळं झाली, चाल कधी सुटली ते कळलंही नाही. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवतील. पण त्यांचा स्वभाव तसला नव्हता. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "तू आता इथून कुठे जायचं नाही. मी गेले की माझ्या मातीला ऑर्गन नको. ही चाल म्हणायची. खड्या आवाजात."

मी हो म्हटलं.

परतताना नवऱ्याने विचारलं, एवढं काय बोलत होत्या आजी? मी म्हटलं, त्यांच्या मातीचं बोलावणं दिलं. तो रस्त्यातच थबकला, म्हणाला, असलं काय बोलतेस. मला मात्र हसू आवरेना. या एवढ्या मोठ्या शहरात कोणाचं तरी माझ्यावाचून अडणार होतं.