भातात उभा चमचा

शेगाव स्टेशनवर मला सोडायला धाकटा भाऊ दत्ता आला होता. पिशवीत गरम कचोऱ्या, जवसाची चटणी आणि माझ्या मुलीने, मृणालने, मागवलेली तिच्या आईची शाल होती.

"कोरियाले जाऊन राह्यला दादा, अन् तोंड असं, जसा पेपर तपासाले चालला," दत्ता म्हणाला. "पोरीनं बोलावलं ना? मग हसत जा."

मला हसू येत नव्हतं. मृणाल माझ्या मनाविरुद्ध कोरियन साहित्य शिकायला सोलला गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिची आई, शोभा, बुलढाण्याच्या दवाखान्यात आठ दिवस होती आणि तिथंच गेली. मृणालला मी कळवलं ते तिसऱ्या दिवशी, अस्थी उचलून आल्यावर. तोपर्यंत शोभाचा फोन मी बंद करून ठेवला होता. "तिची परीक्षा आहे," असं मी सगळ्यांना सांगितलं. आमच्या गावात, अमडापुरात, ते पटलं. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांपासून आमच्याकडे असं लपवतातच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मृणालला सांगायचं म्हणून मी निघालो होतो.

सोलच्या विमानतळावर तिने माझी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. इथं मोठ्यांशी घेणं-देणं असंच करतात. कचोऱ्या तिने वासावरूनच ओळखल्या.

पहिले चार दिवस आम्ही नुसते फिरलो. रस्त्यात, दुकानात, जिन्यावर सगळीकडे 'पल्ली पल्ली' (लवकर, लवकर) ऐकू येई. वाचनालयात पोरं पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली दिसली. मी मास्तर, मला ती पोरं ओळखीची वाटली.

"आधी जपान्यांचं राज्य, मग युद्ध, मग देशाचे दोन तुकडे," मृणाल म्हणाली. "मागं पाह्यलं तर रडू येईल, म्हणून हे लोक पुढं पळत सुटले, बाबा."

संध्याकाळी ती मला तिच्या अभ्यासातल्या कथा मराठीत सांगे, कधी एखादा जुना सिनेमा लावे. त्या कथांमध्ये कुणीतरी सारखं जेवायला यायचं राहिलेलं असे.

पाचव्या दिवशी ती मला उत्तरेच्या सीमेजवळ घेऊन गेली. नदीच्या बाजूला एक दगडी वेदी आहे. सणाला म्हातारी माणसं इथं येतात आणि उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. त्यांची गावं पलीकडे राहिली. आईवडील कधी गेले हे कित्येकांना कळलंच नाही, त्यामुळे श्राद्ध कोणत्या दिवशी करायचं तेही ठाऊक नाही. मी त्या वेदीपुढे फार वेळ उभा राहू शकलो नाही.

परत आलो तेव्हा भूक लागली होती. मृणालच्या खोलीखाली एका हाल्मोनीची (आजीची) खानावळ आहे. तिने पोलादी वाटीत भात, किमची (आंबवलेला तिखट कोबी) आणि सोयाबीनची आमटी वाढली. आमच्या शेतातलं सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं. इथं तेच आंबवून रोज खातात.

मला जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायची सवय आहे. त्यासाठी उजवा हात मोकळा हवा, म्हणून हातातला चमचा मी भातात उभा रोवला. हाल्मोनी लगबगीने आली, चमचा उपसला आणि वाटीशेजारी आडवा ठेवला. रागावली मात्र नाही.

"असा चमचा फक्त गेलेल्या माणसाच्या भातात लावतात, बाबा," मृणाल म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आईसाठी मी लावला होता. तुमचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी हाल्मोनीनं दुकान बंद ठेवलं. भात शिजवला अन् मले त्या वेदीपाशी घेऊन गेली. तिचे वडील तिकडंच राह्यले. मले म्हणे, लांबून निरोप कसा द्यायचा ते आम्हाले येते."

मी हात धुवायला उठलो आणि पुन्हा बसलो.

"परीक्षेमुळं नाही लपवलं," मी म्हणालो. "तू माझं ऐकलं नाही, त्याचा राग होता. तुले लागावं असं वाटलं. आईनं तीनदा विचारलं, पोरगी कधी येते. मी म्हटलं, निघाली."

मृणालने आपली वाटी बाजूला सारली.

"आठही दिवसांचं सांगा," ती म्हणाली. "आता काही ठेवू नका."

मी सांगत गेलो. हाल्मोनीला एक शब्द कळत नव्हता, पण तिने आमटी दोनदा गरम करून आणली. माझं संपल्यावर मृणालने डोळे पुसले.

"मी अजून रागावून आहे."

"हो."

"जेवा आता."

निघायच्या दिवशी हाल्मोनीने मला भाजलेल्या तिळाची पुडी दोन्ही हातांनी दिली. मीही दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या पाया पडलो. ती ओशाळून मागे सरकली. विमानतळावर मृणाल आईची शाल पांघरून आली होती.

कोरिया मला कळला, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या घरातलं जे काम मी होऊ दिलं नाही, ते एका परक्या बाईने आपलं दुकान बंद ठेवून केलं. तिचे उपकार फेडायचे कसे, ते मला समजत नाही.

शेगावला उतरताना माझा पाय मुरगळला. मी फोन काढला तसा मला न्यायला आलेला दत्ता म्हणाला, "पोरीले काऊन सांगतं? उगाच घोर तिच्या जिवाले."

मी फोन लावला. "मृणाल, पाय मुरगळला. सुजलाय."

"कोणता पाय?" तिने विचारलं.

फलाटावरच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं.