माईक नको म्हणणाऱ्या विहीणबाई

मी माईक पुढं केला, तर विहीणबाईंनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. "नो माईक."

झालं! माळेगावच्या मंगल कार्यालयात सगळं गाव बसलेलं आणि साऊंड सिस्टिमवाला मी. माईकच नको, तर मी काय नुसत्या अक्षता टाकायला आलो होतो?

नवरदेव रोहित अमेरिकेत इंजिनिअर. नवरी तिकडचीच, आणि या तिच्या आई. जन्मभर मोठमोठ्या थिएटरांत ऑपेरा गायलेल्या. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच समजा, फक्त त्यात बोलणंसुद्धा गाऊन. माईक नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज न्यायचा तो स्वतःच्या दमावर.

रोहितचे वडील तात्या माझ्यावरच तापले. "आरं, सांग की त्यास्नी! मागं कुणाला ऐकू जाणार हाय?"

"तात्या, मला कुठं इंग्लिश येतंय?"

मग रोहितनं मला बाजूला घेतलं. बाईंचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. चर्चमध्ये गाता गाता ही पोरगी थिएटरात पोचली, नाव काढलं. वय झालं तसं एकदा थिएटरवाल्यांनी त्यांच्या झग्यात बारकासा माईक बसवला. आवाज मागं पोचत नाही म्हणाले. तो प्रयोग त्यांनी पुरा केला आणि गाणं सोडलं ते सोडलंच.

"आज लेकीसाठी गाणार आहेत," रोहित म्हणाला. "पण स्वतःच्या आवाजात. पोचतो का, हे त्यांनाच बघायचंय."

मला लई वाईट वाटलं. मग आवाज वाढवणारा मी, आवाज कमी करायच्या मागं लागलो. कूलर बंद केले. पंखे बंद केले. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद करायला गेलो, तर आचारी झारा घेऊन अंगावर आला.

"जिलेबी तळू का गुदमरून मरू?"

"एक गाणं रं बाबा, मग लाव!"

राहिले बापू. आमच्याकडं लग्नात येईल त्या पाहुण्याचं नाव माईकवरून पुकारायचं असतं. एखाद्याचं राहिलं, तर तो जेवत नाही. ते काम बापूंकडं. गाणं संपेपर्यंत कुणाचं नाव नको, असं बजावलं. "व्हय व्हय," म्हणाले.

बाई गायला लागल्या. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण आवाज चढत गेला तसं सगळं कार्यालय चिडीचूप झालं. शब्द एक कळेना, पण माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

आणि नेमके तेव्हाच पुढारी आण्णा दारात आले. त्यांच्यासाठीच तर लग्न खोळंबलं होतं. बापूंनी सवयीनं दुसरा माईक उचलला. "आपल्या सर्वांचे लाडके..." एवढ्यात मी बटण बंद केलं. बापूंचं नुसतं तोंड हलत राहिलं. आण्णा हात जोडून थोडा वेळ उभे राहिले. नाव काही येईना. शेवटी गुमान मागच्या खुर्चीत बसले. मला घाम फुटला, कारण आण्णांच्या सगळ्या सभांचं काम माझ्याकडं असतं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण बाई हसेनात. त्या मागच्या रांगांकडंच बघत होत्या. रोहितला त्यांनी काहीतरी विचारलं, रोहितनं मला विचारलं, "मागं पोचलं का?" मी स्टेजजवळ, मला काय ठाऊक?

तेवढ्यात आण्णा आशीर्वाद द्यायला वर आले. मी माईक सुरू केला.

"आज माझं नाव कुणी पुकारलं न्हाय," आण्णा म्हणाले. मी डोळेच मिटले. "म्हणून पार मागं बसलो. शेवटच्या खुर्चीत. ताई, समदं ऐकू आलं."

रोहितनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं. बाईंनी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग लेकीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या, आणि रडता रडताच हसायला लागल्या. तात्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

बापू मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत. धंद्याचं म्हणाल, तर एवढंच सांगतो: माईक कुणाच्याही हातात द्यावा, बटण आपल्या हाताशी ठेवावं.